मिठाचा फोटो आणि आमच्या घरातली तसबीर

आमच्या दांडिया बाजारातल्या जुन्या घरी पुढच्या खोलीत, लंबकाच्या घड्याळाशेजारी एक तसबीर असे. तसबिरीत माझे आजोबा. डोक्यावर पांढरी टोपी, दोन्ही हातांत झेंड्याची काठी, मागे नुसतं मोकळं आकाश. काठी खालच्या डाव्या कोपऱ्यातून निघून वर उजवीकडे तिरकी गेलेली, आणि आजोबांची नजर त्याच दिशेला. खाली माउंटवर कुणीतरी टाकाने लिहिलं होतं: ‘दांडीच्या वेळी. बडोदे, 1930.’ पाहुणे आले की त्यांना ती तसबीर दाखवायचं काम घरातल्या लहान मुलाकडे असायचं, म्हणजे पुष्कळ वर्षं माझ्याकडे होतं.

गेल्या हिवाळ्यात आपल्या मंडळाने चळवळीच्या फोटोंचं एक लहानसं प्रदर्शन मांडायचं ठरवलं. फोटोंखालच्या ओळी लिहायचं काम मी अंगावर घेतलं. पहिल्या फळ्यावर गांधीजी मीठ उचलताहेत तो सर्वांना ठाऊक असलेला फोटो, आणि दुसऱ्या फळ्यावर बडोद्यातल्या घराघरांतून जमवलेले फोटो, त्यांत आमची तसबीर, असा बेत होता. पहिल्याखाली ‘दांडी, 6 एप्रिल 1930’ आणि दुसऱ्याखाली माउंटवरचीच ओळ लिहिली की झालं, असं मला वाटलं होतं. दोन्ही ओळी चुकीच्या निघाल्या. त्या कशा चुकल्या ते शोधता शोधता माझ्या लक्षात आलं की दोन्ही चुकांचं कारण एकच आहे, आणि ते कागदपत्रांत नाही, त्या चित्रांच्या मांडणीत आहे. तेवढंच इथे सांगायचं आहे.

आधी मिठाचा फोटो. तो आपण इतक्या वेळा पाहिलेला असतो की नीट बघत कुणीच नाही. मी मंडळाच्या टेबलावर त्याची मोठी प्रत पसरून बसलो आणि त्यात काय आहे आणि काय नाही याची यादी केली. आहे ते थोडकंच. कमरेत वाकलेला, साठी पूर्ण केलेला एक माणूस, त्याचा जमिनीकडे गेलेला हात, आणि भोवती उभी असलेली माणसं. नाही ते पुष्कळ. समुद्र नाही. पोलीस नाही. झेंडा नाही, फलक नाही. खुद्द मीठही ओळखू येत नाही. खालची ओळ झाकून तो फोटो एखाद्या परक्या माणसाला दाखवा. एक म्हातारे गृहस्थ खाली पडलेली काहीतरी वस्तू उचलताहेत, एवढंच तो सांगेल.

निषेधाच्या चित्रांची एक ठरलेली चाल असते. मुठी वर, झेंडे वर, तोंडं उघडी, सगळ्या रेषा वरच्या दिशेने धावणाऱ्या. इथे सगळं उलटं आहे. डोळा पाठीच्या कण्यावरून घसरत खांद्यावर येतो, खांद्यावरून हातावर, आणि हातावरून मातीत. चित्रातली सर्वांत महत्त्वाची जागा अगदी तळाशी आहे. भोवतालची माणसं ताठ उभी आहेत, त्यामुळे एकट्या वाकलेल्या माणसाकडेच लक्ष जातं. नेता असूनही तो सर्वांपेक्षा खाली आहे. आपल्याकडे वाकणं कशाकशाला लागतं ते आठवा. लावणीला, वेचणीला, पाया पडायला, देवळाच्या ठेंगण्या दारातून आत जायला. यातलं एकही काम चोराचं नाही. 1882 च्या मीठ कायद्याच्या लेखी तो माणूस त्या क्षणी गुन्हा करत होता, पण चित्र बघणाऱ्याला गुन्हा दिसतच नाही. आपल्या जमिनीवरचं काही उचलणारा माणूस दिसतो. हा अर्थ भाषणातून सांगायला गांधीजींना वर्षभर लेख लिहावे लागले असते. चित्रात तो एका वाकण्यातून येतो.

आता ओळीचं प्रकरण. हा फोटो दांडीचा नाही. थॉमस वेबर नावाचे ऑस्ट्रेलियन अभ्यासक 1983 मध्ये साबरमती ते दांडी हा सगळा रस्ता पायी चालले, वाटेतल्या गावांतल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलले, आणि नंतर त्यांनी त्यावर लिहिलं. दांडीचा म्हणून जो फोटो जगभर छापला जातो तो 9 एप्रिलचा, भीमराड गावचा आहे, हे त्यांनी दाखवून दिलं. भीमराड सुरतजवळ आहे. दांडीला 6 तारखेला सकाळी कायदा मोडल्यावर गांधीजी काही स्वस्थ बसले नव्हते. आसपासच्या गावांत जाऊन ते पुन्हा पुन्हा मीठ उचलत होते, लोकांना उचलायला लावत होते. कॅमेऱ्याने पकडलं ते त्यातलं एक उचलणं.

मंडळाच्या बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा एक ज्येष्ठ सभासद जरा नाराज झाले. ‘म्हणजे तो फोटो खोटा म्हणायचा का?’ खोटा मुळीच नाही. कायदा भीमराडलाही तेवढाच मोडला गेला. उलट मला तर वाटतं, सत्याग्रहाचा फोटो म्हणून तो जास्त खरा आहे. सत्याग्रह म्हणजे एकदाच करून टाकायची गोष्ट नव्हे, रोज उठून करायची गोष्ट. ‘पहिला क्षण’ ही हौस वर्तमानपत्रांची आणि आपली. पण मग प्रश्न असा की भीमराडचा फोटो दांडीचा कसा ठरला? माझं उत्तर असं: त्याच्या चौकटीत गाव सांगणारी एकही खूण नाही म्हणून. मागे एखादी ओळखीची इमारत असती, चौकीवरची पाटी असती, तर खालची ओळ बदलायला कुणी धजलं नसतं. चौकट रिकामी होती, आणि बघणाऱ्यांना दांडी हवी होती. तिने ती घेतली.

याच्या अगदी उलट उदाहरण जुहूच्या फोटोचं आहे. समुद्राची ओली वाळू, काठीचं एक टोक धरून पुढे ओढणारा एक लहान मुलगा, दुसरं टोक धरून मागून येणारे गांधीजी. तो मुलगा म्हणजे त्यांचा नातू, रामदासांचा कनू, आणि साल 1937. (फोटोग्राफर कनू गांधी ते वेगळे, नावावरून घोळ फार होतो.) या फोटोचा मिठाशी काडीचा संबंध नाही. गांधीजी तेव्हा मुंबईला विश्रांतीसाठी आले होते. तरी शाळेतल्या मुलांना तो दाखवून विचारलं तेव्हा दहातल्या सात-आठांनी ‘दांडीयात्रा’ असंच उत्तर दिलं. मी स्वतः दोन शाळांत विचारून पाहिलंय. त्यांचं चुकलं असंही म्हणवत नाही. समुद्र आहे, काठी आहे, चालणं आहे, म्हणजे दांडीच्या चित्रात आपल्याला जे जे हवं असतं ते सगळं आहे. ज्या फोटोत मीठ आहे त्यात समुद्र नाही, आणि ज्यात समुद्र आहे त्यात मीठ नाही. मन दोन्ही जोडून एकच चित्र करतं, आणि मग ओळीही त्या जोडलेल्या चित्राच्याच लिहिल्या जातात.

तिसरा फोटो गांधीजी आणि सरोजिनी नायडू यांचा. हाही पाठ्यपुस्तकांतला. दोघं शेजारी शेजारी, गांधीजींच्या हातात काठी. पुस्तकात छापताना बहुतेक वेळा बाजूची माणसं कापून तो दोघांपुरता करतात, आणि मग असं वाटतं की साबरमतीपासून ही दोघं बरोबरीने चालत आली. प्रत्यक्षात 12 मार्चला आश्रमातून निघालेल्या 78 साथीदारांत एकही स्त्री नव्हती. बायकांना त्या पायी यात्रेत घ्यायचं नाही, असं गांधीजींनीच ठरवलं होतं, आणि त्यावरून तेव्हा नाराजीही झाली होती. कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी तर गांधीजींची गाठ घेऊन आपलं म्हणणं मांडलं. सरोजिनीबाई यात्रेच्या शेवटी, दांडीला येऊन मिळाल्या. कापलेल्या फोटोतून हा सगळा वाद गायब होतो. दोन माणसांच्या चौकटीत बरोबरी आपोआप दिसते. ती मिळवायला काय करावं लागलं ते दिसत नाही.

पण त्याच वेळी हेही बघा की मिठाच्या फोटोत गांधीजींच्या मागे एक बाई उभ्या आहेत, मिठूबेन पेटिट. मुंबईच्या श्रीमंत पारशी घराण्यातल्या. सगळं सोडून सुरत जिल्ह्यात दारूच्या पिठ्यांसमोर निदर्शनं करत उभ्या राहिल्या, आणि पुढे नवसारीजवळ मरोलीला आश्रम काढून आयुष्यभर तिथेच राहिल्या. वाकलेल्या माणसाकडे डोळा इतका खेचला जातो की त्या दिसूनही दिसत नाहीत. त्यांना कुणी कापलेलं नाही, मांडणीनेच त्यांना मागे ठेवलं. कात्री लावून वगळणं आणि चौकटीत ठेवून झाकणं, दोन्ही होऊ शकतं.

इथे थोडं बडोद्याकडे वळतो, नाहीतर म्हणाल याचा आपल्याशी काय संबंध. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात यात्रा नवसारीतून पुढे गेली. नवसारी तेव्हा गायकवाडी मुलूख, बडोदे संस्थानचा प्रांत. दांडी मात्र इंग्रजांच्या सुरत जिल्ह्यात. मराठी माणसंही यात्रेत होती. आश्रमात संगीत शिकवणारे पंडित नारायण मोरेश्वर खरे, विष्णु दिगंबरांचे शिष्य, आश्रम भजनावलीचे संपादक, सर्व वाट चालले. यात्रेच्या लांबून घेतलेल्या फोटोंत पांढऱ्या टोप्यांची रांग दिसते. त्यांत खरे कोणते हे शोधायचा मी प्रयत्न केला. सापडले नाहीत. सगळ्यांना एकसारखं दाखवणं हीच त्या रांगेची ताकद आहे, तेव्हा तक्रार तरी कुणाकडे करायची!

आणि अब्बास तय्यबजी. बडोद्याच्या हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले, जन्मही बडोद्याचाच, 1854 चा. 5 मेच्या मध्यरात्रीनंतर कराडीच्या झोपडीतून गांधीजींना पकडून नेलं, तेव्हा धारासण्याच्या मिठागरावर जायचं पुढारीपण ठरल्याप्रमाणे या पंचाहत्तरी उलटलेल्या गृहस्थांकडे आलं. 12 मेला त्यांनाही पकडलं. त्यांच्यानंतर सरोजिनीबाई. 21 मेला धारासण्याला जे झालं ते मिठाच्या सत्याग्रहातलं सर्वांत भीषण प्रकरण. रांगेने पुढे जायचं, लाठ्या खायच्या, हात वर करायचा नाही. पडलेल्याला उचलून न्यायचं आणि मागच्या रांगेने पुढे यायचं.

त्याचं दृश्य तुमच्या डोळ्यांसमोर येतं का? माझ्या येतं. अगदी फोटो पाहिल्यासारखं येतं. पण मी जेव्हा ‘तो फोटो’ शोधायला बसलो तेव्हा कळलं की मला आठवतंय ते अॅटनबरोच्या 1982 च्या सिनेमातलं दृश्य. धारासणा जगाला कळलं ते वेब मिलर या अमेरिकन वार्ताहराच्या मजकुरातून. तो तिथे हजर होता. नंतर तो जखमींना ठेवलं होतं तिथे गेला आणि त्याने स्वतः मोजून 320 जखमी आणि दोन मृत असा आकडा दिला. त्याच्या लिहिण्याची शिस्त कॅमेऱ्याची आहे. तो उभा राहिला तिथून काय दिसलं, काय ऐकू आलं, तेवढंच. सिनेमावाल्यांनी त्या मजकुराला चौकट दिली आणि आमच्या पिढीने ती चौकट फोटो म्हणून मनात लावून टाकली. माझ्या वयाच्या माणसांनी आपापल्या आठवणी एकदा तपासून पाहाव्यात.

त्याच महिन्यांतला आणखी एक कॅमेरा इथे सांगितलाच पाहिजे, कारण तो बाकीच्यांपेक्षा अगदी वेगळं बघत होता. वाल्टर बॉसहार्ट नावाचा स्विस फोटोग्राफर 1930 च्या वसंतात दांडीला गांधीजींकडे जाऊन राहिला. त्याने गर्दी घेतलीच नाही. गांधीजी वाचताहेत, हसताहेत, जेवताहेत, झोपलेत, असे जवळून, सावलीतले फोटो त्याने घेतले आणि ते म्युनिकच्या एका सचित्र साप्ताहिकात आले. साम्राज्याशी लढणारा माणूस आणि तोंडभर हसतोय. एका परीने ही चित्रं मिठाच्या फोटोपेक्षा इंग्रज सरकारला जास्त अडचणीची होती असं मला वाटतं. लढणाऱ्याचा फोटो बघून माणूस बाजू घेतो. चतकोर जागेत निवांत झोपलेल्याचा फोटो बघून, याला पकडायचं तरी कशासाठी, असा प्रश्न पडतो.

फोटोनंतरची चित्रंही मी प्रदर्शनात ठेवली. नंदलाल बोसांनी 1930 मध्येच लिनोवर कोरलेला काठीवाला गांधी सर्वांना माहीत आहे. काळ्यावर पांढऱ्या रेषा, एकटा माणूस, एक पाऊल पुढे. 78 माणसं, धूळ, गावं, सगळं कोरून काढून टाकलेलं. दुसऱ्या टोकाला दिल्लीचं देवीप्रसाद रायचौधुरींचं अकरा मूर्तींचं शिल्प, जे 2016 मध्ये रद्द झालेल्या जुन्या पाचशेच्या नोटेमागे छापलेलं असायचं. तिथे गांधीजींमागे दहा जण आहेत, सगळी पुढे झुकलेली, जणू समोरून वारा येतोय. बोसांचा गांधी एकटा म्हणून थोर वाटतो, शिल्पातला लोकांना ओढतो म्हणून. दोन्ही ठिकाणी काठी तिरकी आहे आणि शरीर तिरकं आहे. हे तिरकेपण लक्षात ठेवा. आमच्या तसबिरीचा उलगडा त्यातूनच झाला.

प्रदर्शनासाठी मूळ प्रत मिळाली तर बरं, म्हणून मी आतेभावाला फोन केला. आत्याच्या माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे, तीत आजोबांचे कागद आहेत हे मला माहीत होतं. आठवड्याने तो एक पाकीट घेऊन आला. आत पोस्टकार्डाहून लहान, दातेरी कडांचा एक आडवा प्रिंट. आजोबा आहेत, टोपी आहे, काठी आहे. तोच फोटो. पण तो फोटो नव्हेच.

आजोबा मध्यभागी नाहीत, उजवीकडे सरकलेले आहेत. त्यांच्या डाव्या अंगाला नऊवारी नेसलेली, डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई आहे. काठीचं खालचं टोक तिच्या कमरेवर टेकलेलं आहे आणि तिने ते दोन्ही मुठींनी आवळून धरलंय. म्हणजे झेंड्याचं वजन तिच्यावर आहे. आजोबांनी काठी वरून नुसती सावरली आहे. तिच्या मागे आणखी दोन बाया. उजवीकडे दुकानाच्या फळीला टेकून एक पोलीस उभा आहे, लाठी काखेत, आणि तो फेरीकडे नाही तर सरळ कॅमेऱ्याकडे बघतोय. ओट्यावर चार पोरं, त्यातलं एक हसतंय. आणि आकाश? आकाश म्हणजे दोन घरांच्या मधली फट. गल्ली अरुंद असल्यामुळे फोटो काढणाऱ्याला बसूनच काढावा लागला असेल, त्यामुळे आजोबांचं डोकं नेमकं त्या फटीत आलंय. मागे पेन्सिलीने लिहिलंय: ‘मांडवी. ऑगस्ट 42.’

1942 म्हटल्यावर सगळं जुळलं. आजोबांचा जन्म 1916 चा. 1930 मध्ये ते चौदा वर्षांचे असणार, आणि तसबिरीतल्या माणसाला चांगल्या झुपकेदार मिशा आहेत. इतकी वर्षं ती तसबीर दाखवणाऱ्या मला त्या मिशा दिसल्या नव्हत्या! बघत होतो ते चित्र नव्हतंच, खालची ओळ होती.

मोठी प्रत 1972 ची आहे, हे आत्याला पक्कं आठवतं. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली त्या वर्षी घराघरांतून असे जुने फोटो बाहेर निघाले. आजोबांनी हा छोटा प्रिंट एका स्टुडिओत दिला. स्टुडिओवाल्याने त्याच्या मते चांगलंच काम केलं. आडव्याचं उभं केलं, डावीकडच्या बाया कापल्या, उजवीकडचा पोलीस कापला, ओटा कापला, फट आणि माणूस तेवढे ठेवले. त्यासरशी काठी कोपऱ्यातून कोपऱ्यात गेली, आजोबा मध्ये आले, आणि मागची फट अथांग आकाश झाली. गल्लीतला एक तरुण पोस्टरवरचा पुढारी झाला. त्या वर्षी जिकडेतिकडे दांडीची चित्रं छापली जात होती. तिरकी काठी, पांढरी टोपी, मोकळी पार्श्वभूमी. तसबीर तशी दिसत होती, म्हणून ती ‘दांडीच्या वेळची’ झाली. कुणी मुद्दाम खोटं लिहिलं असेल असं मला वाटत नाही. चित्र ज्याच्यासारखं दिसलं त्याचं नाव त्याला मिळालं. भीमराडचं दांडी झालं ते असंच.

आता खरी अडचण पुढे होती. आत्याला सांगायचं होतं. ती आता नव्वदीच्या घरात आहे. मी दोन्ही फोटो तिच्या पुढ्यात ठेवले आणि सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘अरे, बाबांना आता तू खोटं पाडणार का? चार लोकांत?’ मी म्हटलं, आत्या, बेचाळीस काही दांडीहून हलकं नाही. ऑगस्ट बेचाळीसमध्ये याच बडोद्याची कॉलेजातली पोरं अडासच्या स्टेशनावर पोलिसांच्या गोळ्यांनी गेली. त्या महिन्यात मांडवीच्या गल्लीत झेंडा घेऊन निघणं, आणि शेजारी पोलीस उभा असताना, ही काही हौसेची गोष्ट नव्हती. ‘ते मला नको सांगूस,’ ती म्हणाली, ‘मी होते तिथे. ओट्यावर.’ आणि तिने चार पोरांतल्या हसणाऱ्याकडे बोट केलं. ते पोरगं नव्हतं, आखूड केस कापलेली सात-आठ वर्षांची आत्याच होती.

म्हणजे 1972 च्या कात्रीत तीसुद्धा गेली होती. हे तिला तरी तोवर माहीत होतं की नाही, मी विचारलं नाही. पण त्यानंतर ती मोठा प्रिंट बाजूला सारून छोट्यावरच भिंग धरून बसली. पोलीस आपल्या ओळखीचा होता, रोज सकाळी पाणी मागायला यायचा, म्हणून तो फळीला टेकून उभा आहे, हे तिने सांगितलं. म्हणजे ‘शेजारी पोलीस उभा असताना’ हे माझं वाक्य निम्मं तरी फुकट गेलं. कॅमेरा कुणाचा ते तिला आठवलं नाही. बाईबद्दल विचारलं तर म्हणाली, ‘माई. वाड्याच्या मागच्या बाजूला राहायच्या. विधवा होत्या. पहाटे सगळ्यांत आधी त्याच यायच्या.’ आडनाव? नाही आठवत. सगळे माईच म्हणायचे.

प्रदर्शनात शेवटी दोन्ही लावले. आधी तसबीर, माउंटवरच्या ओळीसकट, जशी आमच्या भिंतीवर होती तशी. आणि तिच्या शेजारी पूर्ण प्रिंट, एक सेंटिमीटरही न कापता, मोठा करून. खाली ‘मांडवी, बडोदे, ऑगस्ट 1942. झेंड्याची काठी धरलेल्या डावीकडच्या बाई: माई’. मिठाच्या फोटोखाली ‘भीमराड, 9 एप्रिल 1930’. यावर दोन-तीन जणांनी येऊन मला सांगितलं की ओळ चुकली आहे, दुरुस्त करा. एकांनी तर खिशातलं पेन काढलं. मी त्यांना बसवून चहा पाजला. पटलं की नाही ते त्यांनाच ठाऊक.

आत्याही आली होती, व्हीलचेअरवर. तिला तसबिरीसमोर न्यायला लागलो तर म्हणाली, तो नको, दुसरा.

पूर्ण प्रिंटची मोठी प्रत आता मंडळाच्या कपाटात आहे. मांडवी, दांडिया बाजार, रावपुरा या भागांत ज्यांच्या घरी बेचाळीसच्या आगेमागे राहणारी माणसं होती, त्यांनी रविवारी सकाळी येऊन ती एकदा पाहावी. माईंच्या नाकात मोत्याची मोठी चमकी आहे आणि डाव्या भुवईवर एक व्रण दिसतो. त्यांचं पूर्ण नाव कुणाच्या घरी कुणाला आठवत असेल, तर ओळ लिहायची जागा आम्ही मोकळी ठेवली आहे.